एकटा शोधक आणि कागदावरचा हक्क



हिंदुस्थानातील पहिले पेटंट कशासाठी मागितले गेले हे पाहिले, म्हणजे आजच्या विषयाचे बरेचसे धागेदोरे एकदम हाती येतात. १८५६ साली कंपनी सरकारने शोधकांना अनन्य अधिकार देणारा पहिला कायदा केला. त्या कायद्याखाली पहिला अर्ज केला तो कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी, आणि त्यांचा शोध होता पंखा ओढण्याचे यंत्र! त्या काळी साहेबाच्या कचेरीत छताला कापडी पंखा टांगलेला असे आणि त्याची दोरी ओढत पंखेवाला ओसरीवर बसलेला असे. यंत्र कल्पिणाऱ्याची बुद्धी त्या कायद्याला दिसली. दोरी ओढणारा हात मात्र त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आला नाही. शोध कोणाचा, त्याचे फळ कोणाला आणि त्याची झळ कोणाला, हे तिन्ही प्रश्न पेटंटाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेले आहेत.

पेटंट हा काही निसर्गदत्त हक्क नव्हे. समाज आणि शोधक यांच्यातला तो एक करार आहे. शोधकाने आपले गुपित उघड करावयाचे, तेही इतक्या नेमकेपणाने की त्या विद्येतील जाणकाराला ती वस्तू स्वतः बनवता यावी. त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला ठराविक मुदतीपुरता, भारतात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपर्यंत, इतरांना मनाई करण्याचा अधिकार द्यावयाचा. मुदत सरली की तो शोध सर्वांचा. समाजवादी विचाराला या कल्पनेत वावगे वाटण्यासारखे काही नाही. ज्ञान लपवून ठेवण्यापेक्षा ते उघड करून अखेर समाजाच्या स्वाधीन व्हावे, हाच तिचा मूळ हेतू आहे.

पण या करारात एक मेख आहे. पेटंट शोधकाला वस्तू बनवण्याचे भांडवल देत नाही, विकण्यासाठी बाजारपेठ देत नाही. दुसऱ्याने आपली वस्तू चोरली तर न्यायालयात जाण्याची मुभा, एवढेच ते देते. मुभा सर्वांना सारखी आहे. न्यायालयात जाण्याची ऐपत सारखी नाही. विषमतेच्या समाजात समान हक्काचे जे होते, तेच पेटंटाचे होते.

महाराष्ट्राला हे शंकर आबाजी भिसे यांच्या चरित्रावरून फार पूर्वीच कळायला हवे होते. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने ‘विविध कलाप्रकाश’ हे मराठी नियतकालिक चालवून यंत्रविद्येची गोडी लोकांना लावली. एका ब्रिटिश नियतकालिकाने वाणसामान तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली होती. ती त्यांनी जिंकली आणि पुढे लंडन गाठले. तेथे दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आधार दिला. भिसे यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी शोध म्हणजे छापखान्याचे खिळे ओतण्याचे यंत्र, ‘भिसोटाइप’. छपाई स्वस्त झाली की ज्ञान स्वस्त होते. म्हणून खिळे वेगाने आणि कमी खर्चात ओतणारे यंत्र हा केवळ कारखानदारीचा प्रश्न नव्हता. तो लोकशिक्षणाचाही प्रश्न होता.

यंत्राची कल्पना सिद्ध होती. उणीव होती ती पैशाची. ब्रिटनमधील समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनी भांडवल उभे करण्याची खटपट केली, पण १९०७ साली ती फसली. भिसे यांना मायदेशी परतावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा यांचे साहाय्य लाभले आणि प्रयत्न पुन्हा सुरू झाले. पण यंत्राला हवे तसे स्थान मिळाले नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ‘हिंदुस्थानचे एडिसन’ हे बिरुद त्यांना लोकांनी दिले. पण एडिसनच्या पाठीशी जे भांडवल होते ते कोणी दिले नाही. दादाभाई, हिंडमन, गोखले, टाटा अशी मातब्बर माणसे उभी राहूनही जेथे एक यंत्र बाजारात रुजत नाही, तेथे ज्याच्या मागे कोणीच नाही त्याची काय कथा!

हे केवळ पारतंत्र्यामुळे घडले असे कोणी म्हणेल. म्हणून खुद्द अमेरिकेकडे, शोधकांच्या त्या नंदनवनाकडे, पाहू. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ साली एफ. एम. रेडिओची पेटंटे मिळाली. खरखर नसलेला स्वच्छ आवाज देणारी ही पद्धत होती. आरसीए या बलाढ्य कंपनीने सुरुवातीला तिच्या चाचण्यांना जागा दिली आणि नंतर पाठ फिरवली. १९४५ साली सरकारी आयोगाने एफ. एम.चा लहरपट्टाच बदलला आणि तोवर विकले गेलेले संच निरुपयोगी ठरले. १९४८ साली आर्मस्ट्राँग यांनी आरसीएवर दावा लावला. खटला लांबत गेला, पैसा आटला, संसार मोडकळीला आला. जानेवारी १९५४ च्या अखेरच्या दिवशी त्यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेऊन जीवन संपवले. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी उरलेले दावे नेटाने चालवले. शेवटचा निकाल १९६७ साली त्यांच्या बाजूने लागला. न्याय मिळाला, पण त्या वेळी न्याय मागणाऱ्याला जाऊन १३ वर्षे झाली होती.

दुसरे उदाहरण रॉबर्ट कर्न्स यांचे. रिमझिम पावसात मोटारीच्या काचेवरचा वायपर थांबून थांबून चालावा, अशी युक्ती या अध्यापकाने शोधली आणि १९६७ साली पेटंट मिळवले. त्यांनी ती फोर्ड कंपनीला दाखवली होती. कंपनीने सहकार्य तोडले आणि १९६९ साली स्वतःच्या मोटारींवर तसलेच वायपर बसवले. १९७८ साली कर्न्स यांनी दावा लावला. १९९० साली ज्युरीने पेटंटाचा भंग झाल्याचे मान्य केले आणि फोर्डने सुमारे १ कोटी २ लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. नंतर क्रायस्लरकडूनही मोठी रक्कम मिळाली. हा विजय म्हणून सांगितला जातो. पण कर्न्स यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे कायद्याच्या पुस्तकांत घालवली. त्यांचा विवाह मोडला, प्रकृती ढासळली आणि इतर मोटार कंपन्यांवरील बरेच दावे मुदतीत कागद दाखल न झाल्यामुळे बाद झाले. एका शोधकाने दुसरा, तिसरा, दहावा शोध लावण्याऐवजी पंचवीस वर्षे वकिली करावी, यात त्याचे नुकसान झालेच. समाजाचे त्याहून अधिक झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली पेटंट पद्धतीचा अहवाल दिला. देशातील पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परकीयांच्या हाती होती आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर देशात उत्पादनच होत नव्हते, असे त्यात दिसून आले. पेटंट येथे घ्यायचे ते वस्तू बनवण्यासाठी नाही, दुसऱ्याने बनवू नये म्हणून! या अनुभवातून १९७० चा कायदा आला. त्याने औषध आणि अन्न या वस्तूंवरचे पेटंट नाकारले, फक्त प्रक्रियेवर ठेवले. स्वस्त औषधांचा भारतीय उद्योग त्यातूनच उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली वस्तूवरचे पेटंट परत आणावे लागले. तरीही कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद टिकली. तिच्या बळावर मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून कर्करोगावरील एका औषधाचा परवाना देशी कंपनीला दिला गेला आणि महिन्याला सुमारे २ लक्ष ८० हजार रुपयांचे औषध ८,८८० रुपयांना देण्याचे बंधन तिच्यावर आले. करारातला दुसरा पक्ष, म्हणजे समाज, जागा असला तर काय करू शकतो याचा हा दाखला होय.

मोठ्या कंपनीपुढे समाजाचे रक्षण कसे करावे, हे आपल्या कायद्याला थोडेफार उमगले. मोठ्या कंपनीपुढे लहान शोधकाचे रक्षण कसे करावे, हे मात्र अद्याप उमगलेले नाही. व्यक्तीला अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि बड्या कंपनीला ८,००० रुपये, ही सवलत स्वागतार्ह आहे. परंतु खरा खर्च शुल्काचा नसतो. शोधाचे दावे कायद्याच्या भाषेत असे बांधावे लागतात की एक शब्द ढिला पडला तर कुंपणाला खिंडार पडते; ते काम करणाऱ्या तज्ज्ञाची फी गावच्या लोहाराला झेपणारी नसते. कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावी लागतात. ज्या भाषेत मराठी कारागीर विचार करतो तिला तेथे जागा नाही. आपले नवे अवजार त्याने आधीच जत्रेत किंवा शेतकरी मेळाव्यात कौतुकाने मांडले असेल, तर सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे अपवाद वगळता त्याचे नावीन्यच संपले असे कायदा मानतो. पुढे नक्कल झालीच तर दावा जिल्हा न्यायालयात लावायचा. प्रतिवादीने पेटंटच रद्द करण्याची मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. शेगावचा किंवा सावंतवाडीचा कारागीर तेथवर किती खेपा घालणार?

आणि ज्याचा शोध पेटंटाच्या व्याख्येतच बसत नाही, त्याचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या आणि बारीक, चवदार तांदळाचा एक नवा वाण सिद्ध केला. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याचे नाव ‘एचएमटी’ पडले. तो वाण दूरदूरच्या शेतांत पोहोचला. कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावर काम करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. दादाजींना २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, पदके मिळाली. जून २०१८ मध्ये ते वारले तेव्हा दारिद्र्याने त्यांची पाठ सोडलेली नव्हती. पिकांच्या वाणाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण बियाण्यावर मक्तेदारी म्हणजे भुकेवर मक्तेदारी. शेतकऱ्याला पैदासकार म्हणून मान्यता देणारा कायदा २००१ साली झाला खरा, पण तोवर त्यांचा वाण शेतोशेत जाऊन पोहोचला होता. बियाणे सर्वांना खुले राहावे आणि ते निर्मिणाराही उपाशी राहू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याची जबाबदारी बाजारावर टाकता येत नाही. ती शासनाची आहे.

याउलट एक आशादायक वाटही दिसते. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांनी स्त्रियांच्या मासिक पाळीसाठी स्वस्त पॅड बनवणारे साधे यंत्र घडवले. परदेशी यंत्रांची किंमत कोटींच्या घरात असताना त्यांचे यंत्र हजारांत मिळू लागले. पेटंट त्यांच्याजवळ होते. ते एखाद्या बड्या कंपनीला विकून निवांत बसता आले असते. तसे न करता त्यांनी यंत्रे स्त्रियांच्या बचत गटांना दिली. पेटंट ही त्यांनी ढाल म्हणून वापरली, तलवार म्हणून नव्हे. मात्र एका माणसाच्या सज्जनपणावर धोरण उभे राहत नाही.

काही स्नेही म्हणतात की पेटंट ही मक्तेदारीच आहे, मग समाजवाद्यांनी ती समूळ नष्ट करण्याचीच मागणी का करू नये? प्रश्न रास्त आहे. पण भांडवलाची सत्ता तशीच ठेवून केवळ पेटंट काढून टाकले तर काय होईल? कर्न्स यांनी कंपनीला जे दाखवले ते तिने पहिल्या दिवसापासून राजरोस वापरले असते. कुंपण काढल्याने रान सर्वांचे होत नाही. ज्याचा कळप मोठा, त्याचे होते. म्हणून मागणी हवी ती करार खरा करण्याची.

त्यासाठी चार गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तसा एकट्या शोधकाला अर्ज लिहिण्यापासून खटला चालवण्यापर्यंत सरकारी खर्चाने तज्ज्ञ मिळावा. अर्ज मातृभाषेत स्वीकारले जावेत आणि भाषांतराचा भार कार्यालयाने उचलावा. प्रत्येक जिल्ह्यातील तंत्रनिकेतनाची कार्यशाळा संध्याकाळी गावच्या कल्पक माणसांसाठी उघडी असावी. तेथे घडलेल्या वस्तूवर त्याचे नाव असावे, संस्थेचे नव्हे. आणि शेती, आरोग्य, पाणी अशा लोकोपयोगी क्षेत्रांतील शोध शासनाने योग्य मोल देऊन विकत घ्यावेत आणि सर्वांना खुले करावेत. शोधकाला भाकरी आणि समाजाला शोध, असा दुहेरी लाभ त्यात आहे.

मुदत संपलेल्या पेटंटांची वर्णने आज कोणालाही वाचता येतात. मानवी बुद्धीचे ते सार्वजनिक धान्यकोठार आहे. त्यात धान्य घालणारे हात पुष्कळदा एकट्या माणसांचे, आणि रिकामेच परतलेले असतात. पंखेवाल्याचा हात १८५६ च्या कायद्याला दिसला नव्हता. निदान शोधकाचा रिकामा हात तरी लोकशाहीच्या कायद्याला दिसावा, आणि तो दिसत नसेल तर दाखवून देण्याचे काम श्रमिकांच्या चळवळीने आपल्या अंगावर घ्यावे.