पातेल्यातील अन्न आणि पानातील अन्न
(उत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



समाराधनेची शेवटची पंगत उठते, तेव्हा दोन प्रकारचे अन्न मागे राहते. एक पातेल्यातील, दुसरे पानातील. पहिले शिल्लक, दुसरे उष्टे. भुकेल्यांसाठी सेवाभावी संघटना काढू इच्छिणाऱ्यांनी हा भेद आरंभीच मनाशी पक्का करावा. पंगतीत वाढण्यास ज्या अन्नाची लाज वाटेल, ते दुसऱ्याच्या दारी पोहोचविणे यास अन्नदान म्हणता येत नाही.

या कार्याला संस्थेचे रूप प्रथम अमेरिकेत आले. फिनिक्स शहरी १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी अन्नपेढी स्थापन केली. दुकानांमागील टाकाऊ मालातून मुलांसाठी अन्न वेचणाऱ्या एका मातेच्या बोलण्यातून त्यांना पेढीची कल्पना सुचली, असे सांगतात. ज्यांच्यापाशी अधिक त्यांनी ठेवावे, ज्यांच्यापाशी उणे त्यांनी न्यावे. मात्र अशा पेढीचा भर टिकाऊ मालावर असतो. शिजलेला भात काही पेढीत ठेवता येत नाही.

शिजलेल्या अन्नाची वाट लिस्बनमध्ये सापडली. गोमंतकातील जुन्या पिढीला हे नगर सरकारी कागदांवरून ठाऊक. त्याचा असाही उपयोग व्हावा, ही मौजच! तेथे राहणारे अमेरिकन गृहस्थ हंटर हाल्डर यांनी मार्च २०११ मध्ये सायकलवरून आपल्याच भागातील उपाहारगृहांत फिरून उरलेले अन्न गोळा करण्यास आणि ते गरजूंना पोहोचविण्यास आरंभ केला. ‘रीफूड’ या नावाने ते कार्य वाढले. नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये असलेले नील घोष यांनी ते पाहिले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये मित्रांसह दिल्लीत ‘रॉबिन हूड आर्मी’ उभी केली. पहिल्या रात्री सुमारे दीडशे जण जेवले. ही संघटना देणगी म्हणून पैसा स्वीकारत नाही. वेळ आणि अन्न एवढेच घेते. हा नियम काहींना अतिरेकी वाटेल. परंतु हिशेबावरून सभा किती लांबतात, हे महाजनांस निराळे सांगावयास नको.

संघटनेची खरी कसोटी घड्याळ घेते. शिजलेले अन्न कोमट होऊ लागले की जंतू वाढू लागतात. दोन तासांहून अधिक काळ ते तसेच ठेवू नये, आणि उन्हाळ्यात तर तासाभरातच उचलावे, असा सर्वसाधारण नियम आहे. नारळाचे वाटण घातलेले खतखते आपल्या दमट हवेत फार दम धरत नाही. म्हणून निरोप धाडावयाचा तो शेवटची पंगत बसतानाच. झाकणाची स्वच्छ भांडी, वाहन आणि ते चालविणारा, तसेच ज्या वस्तीत जावयाचे तेथील एक परिचित माणूस, एवढी सिद्धता आधीच असावी. अंतर जितके थोडे तितके बरे. शिल्लक अन्नाच्या वाटपासंबंधी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली विनियम केले आहेत. नोंदी ठेवणे आणि असे अन्न विक्रीच्या मालापासून निराळे ठेवणे त्यांत अभिप्रेत आहे. उत्साही तरुण वहीचा कंटाळा करतात. वहीचे काम म्हणून एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे द्यावे.

पानातील अन्नाचा उपाय वाढप्यांच्या हाती आहे. आग्रह हे आपल्याकडे आतिथ्याचे भूषण मानले जाते, आणि नासाडीचे मोठे कारणही तेच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले; त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतील होते. दोष केवळ उपाहारगृहांच्या माथी मारता येत नाही.

उरल्याची वही पुढील उत्सवात तांदूळ मोजताना आचाऱ्यापुढे ठेवावी. अंदाज सुधारला की पातेली रिकामी होतील. ते उत्तमच, पण त्याच रात्री वस्तीतील मुले नेहमीच्या वेळी रस्त्याकडे पाहत बसलेली असतील. फेरी केवळ उरल्यासुरल्यावर विसंबली, तर मंदिराची काटकसर त्यांच्या उपवासाचे कारण होईल. यासाठी संघटना काढतानाच काही घरांनी पाळी लावून घ्यावी, आणि ज्या दिवशी शिल्लक नसेल त्या दिवशी पाळीच्या घराने फेरीपुरता ताजा भात नि आमटी शिजवून द्यावी.