नायजेरियाच्या ताटातले घर

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला परदेशातल्या नोकरीच्या अनुभवांवर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी नेहमीप्रमाणे झोपतील, म्हणून मी जेवणाबद्दल बोलणार आहे. एका बँकेच्या संगणकप्रणालीच्या कामासाठी मी तीन वर्षे नायजेरियात, लागोस शहरात होते. भूगोलाच्या तासाला हा देश आपण एका ओळीत संपवला होता : नायजर नदी, पाम तेल, कोको. त्या ओळीपलीकडचा देश मला ताटात भेटला.

नायजेरियाला १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वातंत्र्य मिळाले. अडीचशेच्या वर जनसमूह आणि पाचशेच्या आसपास भाषा. तिथल्या मुख्य जेवणाची रचना मात्र आपल्याला लगेच समजेल. एक दाट कालवण, त्याला ते 'सूप' म्हणतात, आणि सोबत मऊ गोळा, त्याचे नाव 'स्वॉलो'. उजव्या हाताने गोळ्याचा लहान घास तोडायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा, त्यात कालवण घ्यायचे आणि न चावता गिळायचे. आपण भाकरीने कालवण उचलतो, तसेच.

गोळा कशाचा आणि कालवण कसले, यावरून माणूस कुठला ते कळते. नैऋत्येकडच्या योरुबांचा 'आमाला' वाळवलेल्या याम कंदाच्या पिठाचा, तपकिरी. आग्नेयेकडच्या इग्बोंकडे उखळात कुटलेला याम. उत्तरेच्या हौसा लोकांकडे तांदळाचा किंवा भरड धान्याचा 'तुवो', आणि ताकासारख्या आंबट दुधात कालवलेला बाजरीचा 'फुरा'. कलिंगडाच्या जातीच्या फळाच्या बिया वाटून केलेले 'एगुसी' सूप बहुतेक सगळीकडे मिळते. त्यात लालभडक पाम तेल, पालेभाजी, सुकी मासळी आणि 'इरू' नावाच्या आंबवलेल्या बिया. इरूचा वास पहिल्या दिवशी नकोसा वाटतो. आपला सुकट भाजल्याचा वासही नवख्याला तसाच वाटत असणार.

इग्बो समाजात नवा याम आला की तो लगेच कोणी खात नाही. वडीलधारा माणूस देवांना आणि पूर्वजांना अर्पण करतो, पहिला घास घेतो, मग बाकीचे. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत यामला केवढा मान आहे, ते वाचलेल्यांना आठवेल. पाहुणा आला की कोला नावाचे कडू बी फोडून आशीर्वाद म्हणतात. तो इग्बोतच म्हणायचा, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही, असे ते हसत हसत सांगतात. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी माणसे हे सांगत, तेव्हा मला त्यात गंमतीपेक्षा जास्त काही ऐकू येई.

आता एक मजेशीर गोष्ट. हे 'परंपरागत' जेवण सगळेच तिथले नाही. रोज खाल्ला जाणारा 'एबा' हा गोळा 'गारी'चा असतो. कसावा किसून, आंबवून, दाबून पाणी काढून, रव्यासारखा भाजला की गारी होते. हा कसावा पोर्तुगीजांबरोबर दक्षिण अमेरिकेतून आला. मिरची आणि टोमॅटोही तिकडचेच. लग्नसमारंभात ज्याच्यावाचून पान हलत नाही तो तांबडा जोलोफ भात सेनेगलच्या वोलोफ लोकांचे नाव मिरवतो, आणि तो कुणाचा चांगला यावरून घानावाल्यांशी कायमचे भांडण असते. पण आपण तरी काय वेगळे? आपला उपासाचा साबुदाणा त्याच कसाव्याचा, आणि आपली बाजरी आणि चवळी मुळात आफ्रिकेतून आलेली. हजारो मैल दूर चवळीची भजी खाताना मला हे कळले.

त्या भज्यांना 'आकारा' म्हणतात. चवळी भिजवून, साले काढून, वाटून, फेटून तळायची. गुलामांच्या जहाजांतून योरुबा माणसे ब्राझीलला नेली गेली. त्यांना बरोबर काहीही घेऊ दिले नव्हते. तरी आज ब्राझीलच्या साल्वादोर शहरात पांढऱ्या पोशाखातल्या बायका पाम तेलात 'आकाराजे' तळून विकतात, आणि त्यांच्या या कामाची ब्राझीलने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. भांडी गेली, शेत गेले, माणसांची नावेही गेली. हाताला येत होते तेवढे उरले.

हे मला इतिहास म्हणून माहीत झाले. त्याचा अर्थ समजला तो एका सहकारी मैत्रिणीमुळे. तिची आई एनुगूला राही आणि रात्रीच्या बसने लेकीला गोठवलेल्या सूपचे डबे पाठवी. आपल्याकडे एसटीने डबा यायचा, तसेच. ते 'ओनुग्बू' सूप, म्हणजे कडू पाल्याचे. पाला चोळून चोळून अनेक पाण्यांत धुतात आणि अळकुड्या वाटून दाटपणा आणतात. पाला पुरता गोड करायचा नसतो. किती कडूपणा ठेवायचा, हे ज्या त्या घरचे असते.

आई अचानक गेली. फ्रीझरमध्ये तिचा एक डबा उरला होता. लागोसला वीज सारखी जाते, घरोघरी जनरेटर. पेट्रोलची टंचाई होती त्या दिवसांत माझी मैत्रीण पंखा, टीव्ही बंद ठेवून फक्त फ्रीझरसाठी जनरेटर लावी. चार महिने तिने तो डबा जपला. मग भाऊ आणि बहीण आले, तेव्हा तिघांनी तो गरम करून खाल्ला. डबा रिकामा झाल्यावर धाकट्याने विचारले, आई पाला किती पाण्यांत धुवायची? कुणालाच सांगता येईना. पुढचे कित्येक रविवार ती मला जेवायला बोलवी आणि पाला धुऊन धुऊन बघे. कधी फार कडू, कधी अगदी सपक. एका रविवारी तिने पहिला घास घेतला आणि काही न बोलता भावाला फोन लावला.

मी व्यवसायाने बॅकअप घेणारी बाई. डबा राखणे म्हणजे बॅकअप, असे मला वाटे. पण राखलेला डबा एक दिवस संपतोच. घर टिकले ते तो संपल्यावर, पाल्यात हात घातल्यावर.

म्हणून दगडापाट्याने कुटण्या-वाटण्यात बायकांनी आयुष्य घालवावे, असे मी म्हणत नाही. तिथेही आता यामचे तयार पीठ आणि मसाल्याच्या वड्या मिळतात, आणि कामावरून थकून आलेल्या बाईला त्यांचा आधारच होतो. पाला धुवायला भाऊही शिकला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आपल्यापैकी काहींचे आईवडील आज याच सभागृहात बसले आहेत. काहींचे नाहीत. ज्यांचे आहेत त्यांनी या सुट्टीत एक पदार्थ त्यांच्याशेजारी उभे राहून करावा. 'अंदाजाने घाल' म्हणतील, तेव्हा त्यांच्या हाताकडे बघावे. आणि पुढच्या मेळाव्याला केटरर न बोलावता तोच पदार्थ डब्यात घेऊन यावा. मुलग्यांनीसुद्धा. बिघडला तरी चालेल, मधल्या सुट्टीत आपण सगळ्यांचे सगळे खात होतोच.