वृत्तछायाचित्रकाराची सम्यक दृष्टी
(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आम्ही वृत्तछायाचित्रकार सभेत एरवी आपल्याकडे पाठ करून उभे असतो. आज आपल्याकडे तोंड करून आमच्या कामाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

वार्ताहर दूरध्वनीवर विचारून बातमी पुरी करू शकतो. आम्हाला मात्र त्या क्षणी त्या जागी हजर राहावेच लागते. पूर, आग, दंगल, जिथून लोक पळतात तिथे आम्ही जातो. पोलिसांची लाठी आणि जमावाचा दगड ओळखपत्र पाहत नाही. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरावा लागे. आता तो प्रश्न नाही, पण फोटो काही मिनिटांत पोहोचला पाहिजे. कायमच्या नोकऱ्या कमी झाल्या. अनेकांचा कॅमेरा स्वतःचा आणि दुरुस्तीही स्वतःच्याच खिशातून. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ साली पुलित्झर मिळविणाऱ्या रॉयटर्सच्या चमूतील दानिश सिद्दीकी यांनी २०२१ मध्ये कोरोनाकाळातील दिल्लीच्या चिता जगाला दाखविल्या. त्याच वर्षी १६ जुलैला अफगाणिस्तानात काम करीत असताना ते मारले गेले.

मग हे कशासाठी करायचे? आपणा बौद्धांना जवळचे एक उदाहरण देतो. १९६३ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये दिएम सरकार बौद्धांवर अन्याय करीत होते. ११ जून रोजी सायगावच्या चौकात थिक क्वांग डुक या वृद्ध भिक्षूंनी आत्मदहन केले. भिक्षूंनी परदेशी वार्ताहरांना आदल्या दिवशीच निरोप दिला होता, पण फार थोडे आले. असोसिएटेड प्रेसचे माल्कम ब्राऊन आले. त्यांचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि व्हिएतनामी बौद्धांचे दुःख जगाला कळले. नोव्हेंबरमध्ये ते सरकार उलथले. त्यामागे इतरही कारणे होती, पण त्या छायाचित्राने जगाला गप्प बसू दिले नाही.

ब्राऊन यांनी कॅमेरा टाकून धावायला नको होते काय, असा प्रश्न येतो. तिथे तर अग्निशमन गाडी अडविण्यासाठी भिक्षू चाकांपुढे आडवे झाले होते. पण प्रश्न खरा आहे आणि आम्हाला तो रोज पडतो. आमचे उत्तर असे : आपल्या हाताने जीव वाचणार असेल, तर कॅमेरा खाली ठेवावा. वाचणार नसेल, तर साक्षीदार व्हावे. तेही माणसाची अब्रू राखून. अत्याचारपीडित भगिनीचा चेहरा छापणे कायद्यानेही गुन्हा आहे. करुणेशिवाय काढलेला फोटो हा दुसरा अत्याचार होय.

आपल्या महाराष्ट्रात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध नवा कायदा झाला, तरी गटारात माणसे मरतच आहेत. जे दिसत नाही, ते नाही असे समाज समजतो. म्हणून ते दाखवावे लागते.

कॅमेरा कोणाच्या हातात आहे, यालाही महत्त्व आहे. सहा डिसेंबरला दादरला लाखो लोक येतात. कोणी त्यात फक्त गर्दी आणि कचरा पाहतो. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे उभे राहून, पदराची गाठ सोडून पुस्तक विकत घेणारी आजीबाई त्याच मैदानावर असते. दोन्ही फोटो खरेच, पण इतिहास कोणता सांगतो? बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. आमच्या मते कॅमेरा हे त्याच कामाचे एक साधन आहे.

विद्यार्थी मित्रहो, या क्षेत्रात जरूर या. महागड्या कॅमेऱ्याची वाट पाहू नका. हातातल्या मोबाईलने आपल्या वस्तीचे नळ, शाळा, बुद्धविहार टिपा. फोटोखाली स्थळ, तारीख, नावे अचूक लिहा. चित्रात फेरफार करू नका, कारण खोटा फोटो म्हणजे मिथ्या वाचाच. घरातले दीक्षेच्या काळातले जुने फोटो वाळवीच्या तोंडी देऊ नका. वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या मागे नावे लिहून ठेवा. विचारायला ती माणसे कायम राहणार नाहीत.



जयभीम! नमो बुद्धाय!