लष्करी कायदा आणि ग्रामसभा

(सोलापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



हुकूमशाही, लष्करी राजवट आणि लोकशाही यांची तुलना करावी, असा विषय मला देण्यात आला आहे. या विषयाची चर्चा सहसा दूरच्या देशांपासून सुरू होते. सोलापुरात बोलताना मात्र एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. लष्करी राजवट म्हणजे काय, याचा अनुभव या नगरीने प्रत्यक्ष घेतलेला आहे.

१९३० च्या मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाली आणि गिरणी कामगारांचे हे शहर खवळून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला; संतप्त जमावाच्या हातून पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत जळाली. त्यानंतर शहरातून सरकारी सत्ता जणू नाहीशी झाली आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवर व्यवस्था पाहू लागले. सोलापूरकर आजही या दिवसांचे स्मरण स्वातंत्र्याचे दिवस म्हणून करतात. १२ मे रोजी लष्कर आले व मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत चालला.

या घटनाक्रमातील एका तारखेकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. मार्शल लॉ १२ मेचा. त्याला कायद्याचा आधार देणारा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचा वटहुकूम १५ मेचा. आधी बंदूक आली आणि तिच्या मागोमाग कायदा आला! लोकशाहीत हा क्रम नेमका उलट असावा लागतो. तलाठ्याने एखाद्याच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी त्याच्या हाती कायद्याने दिलेला अधिकार असला पाहिजे, या साध्या अपेक्षेतच दोन राज्यपद्धतींमधील अंतर सामावलेले आहे.

त्या राजवटीत गांधी टोपी घालणे आणि राष्ट्रध्वज बाळगणे हे गुन्हे ठरले. मस्तकावरच्या वीतभर खादीची सशस्त्र सत्तेला भीती वाटावी, याचे प्रथम नवल वाटते. परंतु विचार केला असता कारण उमगते. टोपी घालणारा मनुष्य काही न बोलताही विचारीत असतो, की तुम्ही येथे कोणाच्या संमतीने राज्य करता? आणि या एकाच प्रश्नाचे उत्तर लष्करी सत्तेजवळ नसते. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर खटला चालून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. या चार नावांतील धर्म, जाती व भाषा यांची विविधता शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी.

ते परकीय राज्य होते, स्वकीयांच्या लष्करी राजवटीची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. यासाठी शेजारी देशाचे उदाहरण पाहू. पंचायत सदस्यांना ते अधिक जवळचे वाटेल. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पाकिस्तानात जनरल अयूब खान यांनी ‘मूलभूत लोकशाही’ नावाची योजना जाहीर केली. गावापासून वरपर्यंत परिषदांची उतरंड, निवडून आलेले सदस्य, विकासाची कामे. कागदावर पाहिले तर दोन्ही योजना सख्ख्या बहिणी वाटाव्यात. पण तेथे वरच्या पायऱ्यांवर अधिकाऱ्यांचे वर्चस्व राहिले, आणि फेब्रुवारी १९६० मध्ये निवडून आलेल्या सुमारे ८०,००० सदस्यांना एकच प्रश्न विचारण्यात आला, तो म्हणजे अयूब खानांवर तुमचा विश्वास आहे की नाही. प्रतिस्पर्धी उमेदवार नव्हता. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मते ‘होय’ अशी पडली. ज्या संस्था गावाने सत्तेला प्रश्न विचारावेत म्हणून असतात, त्या सत्तेला होकार देण्यासाठी वापरल्या गेल्या. १९७० मध्ये त्या देशात प्रौढ मतदानाने निवडणूक झाली, तेव्हा बहुमत मिळविणाऱ्या अवामी लीगला लष्कराने सत्ता दिली नाही. पुढच्या वर्षी देशाचे दोन तुकडे झाले.

‘लष्करी राजवटीत निदान कामे तरी झटपट होतात’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांमधून चहाच्या वेळी अनेकदा ऐकू येते. मीही ते ऐकले आहे आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, एखादी सभा गोंधळात संपली की मनातल्या मनात उच्चारलेही आहे. हुकमाने काम लवकर होते हे खरे. परंतु ते काम चुकीचे असेल तर तेही तितक्याच वेगाने होते. १९५९ साली चीनमध्ये अन्नस्थिती ढासळत असताना संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी लुशान येथील बैठकीच्या वेळी माओंना पत्र लिहून धोरणातील दोष दाखविले. त्यांचे पद गेले. मग खालच्या अधिकाऱ्यांनी वर फुगविलेले आकडेच पाठवावेत यात आश्चर्य काय? त्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली.

आता १९७२ चे आपले सोलापूर आठवा. या सभागृहातील वडीलधाऱ्यांनी खडी फोडली असेल, मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली असेल. हाल अपरंपार झाले. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तथापि कामाच्या मागणीसाठी मोर्चे निघत होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते, वृत्तपत्रे गावांची नावे घालून बातम्या छापीत होती आणि मामलेदाराला उत्तर द्यावे लागत होते. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. भूकबळींचा तसा संहार येथे झाला नाही. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमीची कल्पना रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गोंगाट अधिकाऱ्यांच्या कानांना कर्कश लागतो खरा, पण कोणत्या वाडीत चूल पेटलेली नाही ही बातमी त्या गोंगाटातूनच येते.

लोकशाही असली म्हणजे धोका टळला, असे मात्र नव्हे. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळातील आणीबाणी संविधानाच्या तरतुदींखालीच आली. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण बसले, आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानेही बंदिवानांना दाद मागण्याचा मार्ग नाकारला. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हं. रा. खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ घातले, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होऊ नये अशी तजवीज केली. चूक दुरुस्त करण्याची ही सोय सोलापूरच्या मार्शल लॉमध्ये कोठे होती?

राज्यातील अनेक महानगरपालिकांचा कारभार २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांनी पाहिला. कारणे न्यायालयीन होती व प्रशासक हे कायद्याने नेमलेले अधिकारी होते; लष्करी राजवटीशी त्याची तुलना करणे अन्यायाचे ठरेल. पण नळाला पाणी आले नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन उभे राहावे असा नगरसेवक वॉर्डात नव्हता, ही उणीव सामान्य माणसाला जाणवली. प्रशासनातील काही मंडळींना तो काळ सुटसुटीत वाटला, हेही येथे नमूद करतो.

शेवटी ग्रामसभेविषयी. कायद्याने तिला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. तेव्हा पहिली सभा तहकूब करायची, दुसरीला चार माणसे बसवायची आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहावयाचे, ही रीत आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. पुढच्या सभेची दवंडी कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचली आणि नोटीस किती दिवस आधी लागली, एवढे सदस्यांनी या खेपेस स्वतः पाहावे, अशी माझी विनंती आहे.