लिलियन थुराम : मागच्या फळीतला खेळाडू

श्रोतेहो, फुटबॉलच्या सामन्यात टाळ्या पडतात त्या गोल करणाऱ्याला. मागे उभे राहून ज्याने दहा वेळा चेंडू अडवला, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडी नसते. तो एकदा चुकला, की मात्र साऱ्या गावाला आठवते! आज अशाच एका मागच्या फळीतल्या खेळाडूची हकिगत मी सांगणार आहे. मी स्वतः खेळाडू नव्हे, बरं का. कॉलेजात इतिहास शिकवतो. पण या माणसाची गोष्ट मैदानावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही, म्हणून तीत तोंड घालण्याचे धाडस करतो.

त्याचे नाव लिलियन थुराम. १ जानेवारी १९७२ रोजी ग्वादलूप बेटावर तो जन्मला. हे बेट कॅरिबियन समुद्रात, फ्रान्सपासून साडेसहा हजार किलोमीटरांहून दूर आहे. शिक्षकांनी पृथ्वीचा गोल जवळ असेल तर मुलांना जरूर दाखवावे. उसाचे बेट ते. तिथला ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर वाढला. १८४८ साली गुलामगिरी बंद झाली, मळेवाल्यांना मजूर मिळेनात, आणि १८५४ पासून हिंदुस्थानातून माणसे करारावर तिकडे नेण्यात आली. त्यांचे वंशज आजही तिथे नांदत आहेत. म्हणजे वाटते तितके हे बेट आपल्याला परके नाही. थुरामचे पूर्वज मात्र आफ्रिकेतून आणलेले.

घरात पाच मुले, आणि त्यांचा सारा भार एकट्या आईवर. १९८० साली ती मुलांना मागे ठेवून एकटीच फ्रान्सला गेली. लोकांच्या घरची झाडलोट, साफसफाई केली, पै पै जमवली आणि वर्षभराने मुलांना बोलावून घेतले. लिलियन तेव्हा नऊ वर्षांचा होता. पॅरिसच्या दक्षिणेला फाँतेनब्लोजवळच्या एका गावी, मजुरांच्या चाळवजा इमारतींत, हे कुटुंब राहू लागले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ग्वादलूप १९४६ पासून कायद्याने फ्रान्सचाच एक जिल्हा आहे. म्हणजे हा मुलगा परदेशातून आलाच नव्हता. तो जन्माने फ्रेंच नागरिक. पण कायदा कागदावर राहतो आणि कातडीचा रंग सर्वांना दिसतो! शेजाऱ्यांच्या लेखी तोही बाहेरचाच ठरला. तो पहिल्यांदा फुटबॉल खेळला तोही फाँतेनब्लोच्या पोर्तुगीज मंडळींच्या क्लबात. ती मंडळीही पोटासाठी घर सोडून आलेली.

शाळेत काय झाले ते ऐका. त्या काळी तिथे टेलिव्हिजनवर दोन गाईंचा चित्रपट दाखवीत. काळी गाय बावळट, पांढरी गाय शहाणी. वर्गातली पोरे लिलियनला त्या काळ्या गाईच्या नावाने हाक मारू लागली. तो घरी आला आणि आईला विचारले, हे असे का? आई म्हणाली, लोक असेच असतात, ते बदलायचे नाहीत. बिचारी दिवसभर राबून आलेली, आणखी काय सांगणार? पण पुढे मोठेपणी थुरामने अनेकदा सांगितले आहे, की त्या उत्तराने आपले समाधान झाले नाही.

हे वाचले तेव्हा मला माझा एक वर्ग आठवला. एका सावळ्या मुलाला इतर मुले 'डांबर' म्हणत. हजेरी घेताना ते माझ्या कानांवर पडले. मी किंचित हसलो आणि पुढचे नाव पुकारले. तो मुलगा 'हजर' म्हणाला, पण त्याने मान वर केली नाही. त्याची ती खाली घातलेली मान अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

असो. थुराम १९९१ मध्ये मोनॅको संघातून पुढे आला. मग इटलीत पार्मा, नंतर युव्हेंटस, शेवटी स्पेनमध्ये बार्सिलोना. करंडक-बक्षिसांची यादी वाचून दाखवीत नाही. पण १९९८ चा ८ जुलै हा दिवस सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना. फ्रान्स आणि क्रोएशिया, मैदान पॅरिसजवळचे. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गोल नाही. खेळ पुन्हा सुरू होतो न होतो तोच क्रोएशियाच्या शुकेरने गोल केला. चूक कुणाची? थुरामची! बचावाच्या फळीतले बाकीचे पुढे सरकले होते, हा एकटा मागे राहिला, म्हणून शुकेर ऑफसाइड ठरला नाही. साऱ्या देशासमोर झालेली चूक! दुसरा एखादा खचला असता. हा गडी मिनिटभरात विरुद्ध बाजूच्या गोलापाशी धावला, प्रतिपक्षाच्या कप्तानाच्या पायांतून चेंडू हिसकावला आणि सहकाऱ्याकडून तो परत येताच गोल केला. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास, डाव्या पायाने, दुसरा. मग तो गुडघ्यांवर बसला, ओठांवर बोट ठेवले आणि विचारात पडल्यासारखा बघत राहिला. हे माझ्याच हातून झाले का, असा त्याचा चेहरा. फ्रान्सने सामना २-१ ने जिंकला, आणि चार दिवसांनी अंतिम सामन्यात ब्राझीलला ३-० ने हरवले.

फ्रान्सकडून थुराम एकूण १४२ सामने खेळला. गोल केले फक्त दोन, आणि ते दोन्ही त्याच संध्याकाळी.

त्या विजयानंतर पॅरिसच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. काळे, गोरे, अरब, सारे आपलेच, असा गजर झाला. दोनच वर्षे आधी, १९९६ मध्ये, ल पेन नावाच्या पुढाऱ्याने म्हटले होते, की बाहेरून खेळाडू आणून त्याला फ्रान्सचा संघ म्हणणे हा बनाव आहे. २००६ मध्ये त्याने तोच सूर पुन्हा लावला. थुरामने त्याला जाहीर उत्तर दिले. फ्रान्समध्ये काळेही फ्रेंच असतात हे या गृहस्थांना ठाऊकच नाही, अशा अर्थाचे ते उत्तर होते. म्हणजे विजयाच्या गजराने सगळे मिटले नव्हते. करंडक जिंकला तेव्हा आपला, एरवी परका, हा व्यवहार चालूच होता.

२००८ मध्ये वैद्यकीय तपासणीत हृदयातला दोष आढळला आणि त्याचा खेळ थांबला. त्याच वर्षी त्याने स्वतःच्या नावाची एक संस्था काढली. शिक्षणाच्या मार्गाने वंशभेदाशी झुंजण्यासाठी ती आहे. २०१० मध्ये त्याने एक पुस्तक लिहिले. काळ्या लोकांतले जे थोर पुरुष आणि स्त्रिया शाळेच्या पुस्तकांत त्याला कधी भेटल्या नाहीत, त्यांची चरित्रे त्यात आहेत. तो शाळाशाळांतून जातो, मुलांशी बोलतो. आईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो असा वर्गावर्गांत शोधतो आहे.

मुलांची नावेही त्याने विचार करून ठेवली. थोरला मार्कस, जमैकाचे पुढारी मार्कस गार्वी यांच्यावरून. धाकटा खेफ्रेन, ईजिप्तच्या राजाच्या नावाचा. दोघेही फ्रान्सकडून खेळले. २०२२ च्या जागतिक अंतिम सामन्यात मार्कस पूर्वार्धातच बदली म्हणून मैदानावर आला. तो आघाडीला खेळतो, गोल करणे हे त्याचे कामच आहे.