बांगड्या काढून काट्यावर



वजनाच्या ऑपरेशनची चौकशी करायला आमच्या ओपीडीत पहिल्यांदाच आलेली बाई काट्यावर चढण्याआधी काय करते, सांगू? चपला काढते, पर्स मुलीच्या हातात देते आणि मग पाठ फिरवून हळूच बांगड्या उतरवते. काटा दाखवतो १०७ किलो. त्यात बांगड्यांचे असे किती ग्रॅम! पण आहारतज्ज्ञ म्हणून त्या काट्याशेजारी इतकी वर्षं बसूनही मला त्याचं कधी हसू आलं नाही. आमच्या दारापर्यंत पोचायच्या आधी घरीदारी किती जणांनी काय काय ऐकवलं असेल, ते त्या बांगड्यांवरून कळतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणजे चरबी काढणं नव्हे. काम होतं ते जठरावर, दुर्बिणीतून. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. पोट लवकर भरतं, आणि भुकेचे संप्रेरकही बदलतात. सर्जन हे कागदावर चित्र काढून दाखवतात. तो कागद घरी मागून न्या, रात्री सगळ्यांना समजावताना उपयोगी पडतो.

पहिल्या भेटीत वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब बघतात आणि बीएमआय काढतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. आपल्याकडे बरीच वर्षं वापरात असलेला हिशेब असा, की बीएमआय ३७.५ असेल, किंवा ३२.५ असून जोडीला मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं यांतलं काही असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ही वजनं झाली ९६ आणि ८३ किलोच्या आसपास. पाश्चात्त्यांपेक्षा आपली रेषा खाली आहे, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली, २७.५ वर आणली. विमा कंपनीचा हिशेब मात्र निराळा. तिथे सहसा ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. शिवाय पॉलिसीचा प्रतीक्षा काळ असतोच. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमाही हो म्हणेल, असं धरून चालू नका.

मग येते माझी पाळी. पहिलं वाक्य ठरलेलं: “मॅडम, मी तर काहीच खात नाही.” मी म्हणते, “बरं. कालचा दिवस सांगा, उठल्यापासून.” मग चहा निघतो, पाच वेळा, दोन-दोन चमचे साखर. मुलांच्या ताटातलं उरलेलं निघतं, कारण अन्न टाकवत नाही. एकादशीची साबुदाणा खिचडी निघते, आणि तो तर उपासच! मी चोर पकडायला बसलेली नाही. यातूनच मला कळतं, की ऑपरेशननंतर नेमकं काय जड जाणार आहे.

पण काही गोष्टी लपल्या, तर ऑपरेशनचं गणितच चुकतं. एक ॲसिडिटी. रोज रात्री पुडी पाण्यात टाकून पिणाऱ्याला स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, त्याच्यासाठी बायपास बरा ठरू शकतो. दुसरी गुडघ्याची गोळी, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली. बायपासनंतर अशा वेदनाशामक गोळ्यांनी जोडावर अल्सर होतो. आणि तिसरी? ती विचारावी कशी, हे मला एका मावशींनी शिकवलं.

“तंबाखू?”

“छे हो, आमच्यात कुणी नाही.”

“दात कशानं घासता?”

“मिश्रीनं.”

“सकाळी एकदाच?”

“दुपारी लावते की जरा. बरं वाटतं.”

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. मावशींना हे पटायला दोन भेटी लागल्या.

चाचण्यांची यादी लांबलचक असते: तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, सोनोग्राफी, बहुतेकदा एंडोस्कोपी, आणि घोरणाऱ्यांची झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवतात. त्यात वेड्यात काढण्यासारखं काही नसतं. मूल हवं असेल तर तेही आधी सांगा, ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. हल्ली आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल सगळेच विचारतात. जरूर विचारा. वजन उतरतं, पण इंजेक्शन थांबलं की बरंचसं परत येतं, हेही ऐकून घ्या.

पहिल्याच भेटीत कुणी तारीख आणि ॲडव्हान्स मागू लागलं, तर सरळ उठून या. उलट तुम्हीच विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? टाक्यांमधून गळती झाली तर काय? रात्री दोनला फोन केला तर कोण उचलेल? अनुभवी हातांत जिवाचा धोका हजारात एखादा असतो. कमी आहे, शून्य नाही. वजन दीड वर्षात साधारण पाव हिस्सा, काहींचं त्याहून जास्त उतरतं. मधल्या काळात केस गळतात, घाबरून जातात बायका. आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या.

येताना जुन्या फायली आणा, आणि घरात स्वयंपाक जो करतो त्यालाही आणा. सासूबाई असल्या तर फारच उत्तम. सुनेला ताटात दोन घास बघून त्यांचाच जीव आधी कासावीस होतो.

सगळं बोलून झालं, नमस्कार झाला, की दाराशी गेलेला माणूस हमखास मागे वळतो. “मॅडम, पुरणपोळी खाता येईल ना?” येईल. काही महिन्यांनी, चतकोर, सावकाश चावून. बायपास झाला असेल तर जास्त गोडानं घाम फुटतो, छाती धडधडते, तेव्हा चतकोरही जपून. पण हे उभ्या-उभ्या दाराशी कशाला? खुर्चीत बसूनच विचारा. अशा होळीच्या दिवशीच्या प्रश्नांसाठीच तर मी तिथे बसलेली असते.