घंटी वाजते, पण आवाज येत नाही

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला 'इंटरनेटवरचा फोन' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा पहिली शंका घरातूनच आली : "गणपतीत हे कोण ऐकणार?" पण एक योगायोग सांगतो. ५ सप्टेंबर २०१६ आठवा. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि त्याच दिवशी जिओची सेवा रीतसर सुरू झाली. जिओकडे टूजी-थ्रीजीचे जुने जाळे नव्हतेच, त्यामुळे तिथला प्रत्येक कॉल पहिल्यापासून इंटरनेटच्या पद्धतीने, लहान लहान तुकडे होऊन जाऊ लागला. आपण इकडे मूर्ती बसवत होतो आणि तिकडे खिशातला फोन बदलत होता.

फोनमध्ये दोन वेगळी कामे असतात. एक बोलणे आणि दुसरी बोलण्याआधीची बोलणी. कोण कोणाला बोलावतो आहे, समोरचा घरी आहे का, घंटी वाजली का, उचलला का, ठेवला का, ही सगळी बोलणी. मिस्ड कॉल आठवा. "बुऱ्हाणपूरला पोहोचलो की दोन घंट्या देतो" असे सांगून मुले धूलकोटहून निघायची. दोन घंट्या वाजल्या की आई निवांत. एक शब्द बोलणे झाले नाही, पैसा पडला नाही, तरी निरोप पोहोचला. तो निरोप नुसत्या बोलणीवर गेला.

इंटरनेटवर ही बोलणी कशी करायची, यावरून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दोन घराण्यांत चढाओढ लागली. जिनिव्हाची आयटीयू ही जुन्या टेलिफोनवाल्यांची संस्था. तिने १९९६ मध्ये एच.३२३ नावाची पद्धत काढली. थाट जुन्या घराण्याच्या लग्नाचा : आधी मध्यस्थाची परवानगी, मग पहिली बैठक, मग कोणता आवाज कशा रूपात पाठवायचा यासाठी दुसरी बैठक. सगळे पक्के, पण लांबलचक. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत बैठका कमी करण्याची सोय झाली. मजकूर मात्र सांकेतिक, यंत्राने यंत्रासाठी लिहिलेला. नुसत्या डोळ्यांनी वाचायला गेलात तर काही हाती लागत नाही. तरी तिला नावे ठेवू नयेत. व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोल्या वर्षानुवर्षे याच पद्धतीने चालल्या.

दुसरे घराणे इंटरनेटवाल्यांचे. कोलंबिया विद्यापीठातले हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एसआयपी, म्हणजे सिप, मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. (म्युच्युअल फंडवाली सिप नव्हे, ती वेगळी!) ही साध्या अक्षरांतली चिठ्ठी आहे. 'इन्व्हाइट' म्हणजे आमंत्रण. उत्तर येते 'रिंगिंग', मग 'ओके'. शेवटी 'बाय'. आमच्यासारखा डिप्लोमावालाही ती वाचू शकतो.

तिसरी तऱ्हा एमजीसीपी आणि तिची पुढची भावंड एच.२४८. हिच्यात घरच्या यंत्राला स्वतःची अक्कल नसते. डायल टोन दे, घंटी वाजव, असे हुकूम वरून येतात. जुने फोन आणि तांब्याच्या तारा तशाच ठेवून मागचे एक्स्चेंज बदलायचे असेल तर ही सोयीची. पण वरचा दुवा तुटला की डायल टोनसुद्धा नाही.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण कार्यालयात नवा इंटरनेट फोन बसला. पावसाळ्यात वरून निरोप आला की नाल्याला पूर आहे, रस्ता बंद करा. घंटी वाजली, चौकीदाराने उचलला आणि आवाजच नाही. हा "हॅलो, हॅलो" करतो आहे, ते तिकडे स्पष्ट ऐकू जाते, पण त्यांचे बोलणे इकडे येत नाही. शेवटी एकाला भर पावसात मोटारसायकलवर पाठवले. रस्ता बंद झाला, पण उशिरा. कोणाला काही झाले नाही, हे नशीब.

कंपनीचा माणूस येणार येणार म्हणत आठ दिवस गेले. शेवटी आम्ही तिघांनी मिळून लॅपटॉप लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चिठ्ठ्या पकडून वाचल्या. फोनने उत्तरात लिहिले होते, 'माझा आवाज १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर पाठवा.' तो पत्ता त्या कार्यालयापुरताच. हजारो घरांत तेच आकडे असतात. पाकिटावर गाव न लिहिता 'मधली खोली' एवढेच लिहावे, तसे झाले. पत्ता दुरुस्त करण्याची सोय राउटरमध्ये होती, पण तिने पाकिटावरचा पत्ता बदलला आणि आतल्या कागदावरचा तसाच ठेवला. आम्ही ती सोय बंद केली. आवाज जिथून येतो तिथेच परत पाठवायचा, अशी सेटिंग वरच्या सर्व्हरवर करून घेतली. फोन बोलू लागला.

एच.३२३ मध्येही हा घोटाळा होतो, कारण पत्ता तिथेही चिठ्ठीच्या आतच असतो. पण तिथे नुसत्या डोळ्यांनी आम्हाला तो दिसला नसता. आमची पसंती सिपला आहे ती एवढ्यासाठी. वेग, खर्च हे पुढचे. मात्र सिप आता तेवढी साधी राहिली नाही. पहिला मसुदा १५३ पानांचा होता, २००२ चा सुधारित २६९ पानांचा झाला. मोबाइल कंपन्या जी सिप वापरतात ती तर पुन्हा मोठ्या केंद्राच्या ताब्यात असते. आणि व्हॉट्सॲपची बोलणी त्याची स्वतःची, खाजगी. म्हणून अमेरिकेतल्या नातवाशी त्यावर तासभर बोलता येते, पण त्यावरून शेजारच्या लँडलाइनला घंटी देता येत नाही.

एक शेवटची गोष्ट, विशेषतः आजी-आजोबांसाठी. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून, त्याच तारेने यायची. घरातली लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. लाइट गेली की भिंतीवरचा तो डबा बंद आणि फोनही बंद, मग पद्धत कोणतीही असो. ज्यांच्या घरी फायबरचा फोन आहे त्यांनी इन्व्हर्टरची एक लाइन त्या डब्याला द्यावी. वायरमनला नीट सांगता येत नसेल तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊन दाखवू.

आरतीची वेळ झाली. आम्ही थांबतो.